सहाशे चाळीस जणांचे पाय

४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.४०

४१७ नंबरच्या टाचेची उंची टाइप करत होतो. बावीस मिलिमीटरची चोवीस करायची होती. 'साठवा' दाबलं आणि पडदा पांढरा झाला. वर बारीक अक्षरात – पान सापडले नाही.

घड्याळाकडे बघितलं म्हणून वेळ नक्की माहीत आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरा. केबल काढून घातली. फोनवरून उघडून बघितलं. पांढराच.

मामा समोर बसून टाच घासत होते. म्हणाले, "काय रे, थांबलास का?" म्हटलं, "नेट गेलंय." नेट गेलं नव्हतं.

त्याच दिवशी, ११.१५

साइट ठेवणाऱ्या कंपनीला लिहिलं. फोन नंबर नाहीच त्यांचा, फक्त लिहायची चौकट. तिकडून 'साहाय्यक ७' म्हणून कोणीतरी – "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला प्रश्न नोंदवला आहे. आणखी काही मदत करू शकतो का?"

आणखी म्हणजे? आधी ही तर करा.

५ मार्च

अजून बंद.

शिलाईची मावशी विचारते, "वेलांटी, साइट म्हणजे दुकानातच असते ना? मग शोध की, मशीनखाली गेली असेल." मी पाट्यांवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो म्हणून मावशी मला वेलांटी म्हणते. तिचं बघून आता ग्राहकही म्हणतात.

तिला समजावलं. साइट दुकानात नसते. ती ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते, त्याला होस्टिंग म्हणतात. कुठल्यातरी लांबच्या खोलीत मशीन असतं, त्यात आपला कप्पा.

"आणि तो भाडेकरू पळाला?"

"घरमालक."

मावशी हसली. मला नाही आलं हसू.

६ मार्च

बंद. आठ जणांचे फोन आले. मामांना सांगितलं, दुरुस्ती चालू आहे.

७ मार्च, शुक्रवार

उत्तर आलं. तीनदा वाचलं. त्यांच्या एका मशीनवर नऊशेच्या वर साइट ठेवल्यात म्हणे. त्यातल्या कोणाच्या तरी साइटमधून व्हायरस आत शिरला आणि सगळं मशीन पुसावं लागलं. आमचा काय संबंध? संबंध एवढाच, की एका भिंतीआड राहत होतो.

मी विचारलं, रोज राखीव प्रत ठेवतो असं तुमच्या पानावर होतं ना? साहाय्यक ७ ने करारातलं कलम पाठवलं. चौदावं. राखीव प्रत 'सौजन्य म्हणून' ठेवली जाते, तिची हमी नाही, आणि ती परत हवी असेल तर ६,५००.

विचारलं, प्रत कधीची आहे? "उपलब्ध असलेली सर्वांत अलीकडची." तारीख? "अलीकडचीच आहे सर."

करार मागच्या मार्चमध्ये वाचला होता का मी? नाही वाचला. खाली जाऊन 'मान्य' दाबलं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं चार-चारदा वाचणारा मी!

खरं तर खुणा आधीपासून होत्या. उन्हाळ्यात साइट उघडायला एवढा वेळ लागायचा की लोक फोनच करायचे. डिसेंबरात आमच्या मेल लोकांच्या कचऱ्याच्या पेटीत जायला लागल्या, कारण शेजारचा कोणी त्याच पत्त्यावरून लॉटरीच्या मेल पाठवत होता. जानेवारीत साइटचं कुलूप, म्हणजे ती सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, संपलं आणि ग्राहकांना लाल अक्षरात 'ही जागा धोकादायक आहे' असं दिसायला लागलं. ते कुलूप पहिले दहा महिनेच फुकट होतं. मग १,२००. वर्षाला ८९९ म्हणून जाहिरात, आणि आत पाऊल टाकलं की प्रत्येक दाराला वेगळे पैसे.

ताई आली होती दुपारी डबा घेऊन. मी फोनवर कंपनीशी लिहीत होतो. फोन हातातून काढून घेतला तिने, उलटासुलटा केला. "हा एवढा भारी कॅमेरा कशाला रे तुला? मामांनी पगार वाढवला की काय?" म्हटलं, पायांचे फोटो काढायला लागतात. कामाचाच आहे.

"आणि ते फोटो कुठे आहेत मग?"

पुसले होते. जागा भरली म्हणून. साइटवर चढवले की पुसायचो.

८ मार्च

मामांना सांगितलं. सगळं नाही, पण साइट पुसली गेली आणि प्रत परत आणायला ६,५०० लागतील एवढं.

हातातलं काम खाली ठेवलं नाही त्यांनी. चामडं कापायची रापी चालूच. मग म्हणाले, "म्हणजे आत्ता, या घडीला, आपल्याकडे कोणाचाच पाय नाही?"

नाही.

आमचं काम वेगळं आहे. बाजारात मिळणारे बूट ज्यांना चालत नाहीत त्यांचे बूट आम्ही करतो. एक पाय आखूड, पाऊल वळलेलं, बोटं नसलेली, साखरेमुळे बधिर झालेली. अशा प्रत्येक माणसाच्या पायासारखा लाकडी पाय मामा कोरायचे. जिथे कुरूप असेल तिथे लाकडावर चामड्याची चकती चिकटवायची, म्हणजे बुटात तेवढी जागा सुटते. टाचेवर नंबर. मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर सहाशेच्या वर जणांचे पाय; आता यादीत सहाशे चाळीस. आम्ही त्यांना नुसतं 'पाय' म्हणायचो. "तीनशेबाराचा पाय आण रे."

खोलीचं भाडं वाढलं तेव्हा मीच म्हटलं – मापं साइटवर टाकू. पायाची आखणी, फोटो, मामा सांगतील ते सगळं. ग्राहकाने घरबसल्या 'माझा पाय' दाबायचं, नवीन जोड मागवायचा. लागेल तेव्हा मापावरून लाकूड कोरायचं. सात महिने टाइप केलं मी. मामा सांगायचे, मी लिहायचो – 'बोलताना डाव्यावर भार टाकतात', 'जिने उतरताना आधी उजवा'. एकाही नावात चूक नाही.

मग ऑक्टोबरात खोली सोडली. चांगल्या लाकडाचे पाय मामांनी तासून लहान मापांचे केले. मोठ्याचा लहान करता येतो, लहानाचा मोठा नाही. उरलेले बंबात गेले. आखणीचे तपकिरी कागद अकरा किलो भरले, रद्दीवाल्याला दिले. वजन मीच लिहून ठेवलंय.

मामांनी तासताना एकदाच विचारलं होतं. "नक्की ना रे?" म्हटलं, मामा, लाकडाला वाळवी लागते, याला नाही लागत.

आज त्यांनी गल्ल्यातून ६,५०० काढून टेबलावर ठेवले. मोजायला सांगितले नाहीत.

१० मार्च, सोमवार

साइट आली!

सकाळी ८.५०. पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, फोटो, मापं, मामांची वाक्यं, सगळं जसंच्या तसं. मावशीने मला तिच्या डब्यातला अर्धा वाटा दिला. मामा म्हणाले, "हात धुऊन घे आधी," आणि बाहेर जाऊन उभे राहिले थोडा वेळ.

११ मार्च

एकेक मोजलं. मला मोजल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत.

६४१ भरले. एक जास्त.

शोधलं तर ५८. गोदामाचे म्हातारे राखणदार. ते नोव्हेंबरात वारले, त्यांच्या मुलीने कळवलं होतं, तेव्हाच मी त्यांचं पान काढून टाकलं होतं. किंवा टाकलं असं मला वाटत होतं. नीट पुसलं गेलं नसेल. फोटोत त्यांचा पाय, घोट्याजवळ तीळ. बरं नाही वाटलं. पुन्हा काढून टाकलं.

आता बरोबर ६४०. गुडघ्यांमुळे मामा वर्षभर नवीन ग्राहक घेत नाहीत, त्यामुळे आकडा तोच हवा. तोच आहे.

४१७ ची टाच चोवीस केली. साठवलं. साठलं.

१२ मार्च

पहिली मागणी २०६ ची, म्हणजे शाळेतल्या बाईंची. डावा पाय साडेतीन सेंटीमीटर आखूड, आणि साखरेमुळे दोन्ही पाय बधिर. परीक्षा चालू आहेत, येता येणार नाही, बूट घ्यायला यजमान येतील असं लिहिलंय. खाली – "साइट परत आली, जीव भांड्यात पडला."

बाईंनीच मला दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, दहावीचा फॉर्म पुन्हा भर, मी शिकवते गणित. भरला नाही.

१४ मार्च

मामा बाईंचा पाय कोरायला बसले. मी मापं वाचत होतो. उजव्याची रुंदी चौऱ्याण्णव म्हटल्यावर थांबले.

"चौऱ्याण्णव?"

"हो."

"मला वाटतं उजवा रुंद झाला होता त्यांचा."

"साइटवर चौऱ्याण्णव आहे, मामा."

पुन्हा बघायला लावलं. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ जाऊन बघितलं त्यांनी.

"आहे खरं. मग असेल. माझंच डोकं चालत नाही हल्ली."

२१ मार्च

बाईंचे यजमान बूट घेऊन गेले. ३,४००. चोखंदळ माणूस, शिवण उलटीकडून तपासली त्यांनी. म्हणाले, "परीक्षेत वर्गावर आठ-आठ तास उभी असते. तुमच्या बुटांशिवाय जमलंच नसतं."

२४ मार्च

कंपनीची मेल. 'प्रिय ग्राहक, आपले पहिले सवलतीचे वर्ष ३० मार्चला संपत आहे. नूतनीकरण ४,७८८.' ८९९ चे ४,७८८! आणि साइट दुसरीकडे न्यायची तर 'स्थलांतर साहाय्य' ३,०००. आत येताना दार रुंद, बाहेर जाताना मान वाकवून.

लिहिलं त्यांना, लुबाडता तुम्ही लोकांना. साहाय्यक ११ – "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

२९ मार्च

काही विशेष नाही. १२८, ४१७ आणि ५३० चे जोड गेले.

३ एप्रिल, गुरुवार

बाईंचे यजमान आले. सकाळी सव्वादहा. हातात कापडी पिशवी. पिशवीतून उजवा बूट काढून मामांच्या पुढ्यात ठेवला, आणि एक मोजा. मोजा बाहेरच्या बाजूने तपकिरी झालेला, कडक.

"हिला कळलंच नाही. पायाला काही लागलं तरी कळत नाही, तुम्हाला माहितीये. शनिवारी मोजा ओला लागला म्हणून बघितलं."

मामांनी बुटात हात घातला. बराच वेळ घालून ठेवला. मग पट्टी मागितली. चौऱ्याण्णवचा बूट चौऱ्याण्णवचाच होता.

"दवाखान्यात आहे," यजमान म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, विष वर चढतंय."

मामांनी पट्टी खाली ठेवली. यजमान पुढे म्हणाले, "मामा, जानेवारीत तुम्हीच घरी येऊन माप घेतलं होतंत ना? सूज आली म्हणून?"

मी आतल्या मोरीपाशी जाऊन फोनवरचे जुने मेसेज काढले. आहे. १९ जानेवारी. बाई – "मामांनी नवीन माप घेतलंय, चढवलंस का रे?" मी – "हो बाई, आजच चढवलं. उजवा १०१."

सात मिलिमीटर.

४ एप्रिल

आता कळलं सगळं. प्रत ऑक्टोबरची होती. जानेवारीत मी बदललेलं त्यात असणारच नव्हतं. आणि राखणदार! त्यांना मी नोव्हेंबरात नीटच काढलं होतं. प्रत त्याआधीची, म्हणून ते परत आले. मेलेला माणूस यादीत उभा राहून मला सांगत होता की हे जुनं आहे, आणि मी त्याला पुन्हा पुसला. आकडा बरोबर आला म्हणून खूश झालो.

प्रत्येक पानावर नावाशेजारी 'शेवटचा बदल' अशी तारीख दिसायची. ती मीच मागे काढून टाकली होती. लांब नावं तिच्यामुळे दोन ओळींत तुटायची. दिसायला वाईट दिसायचं.

ऑक्टोबरनंतर किती जणांची मापं बदलली? चाळीस? पन्नास? आठवत नाहीत. तीन जोड गेलेत त्यानंतर. तिघांना फोन केले, घालू नका म्हणून. ५३० म्हणाले, "अरे, काल नऊ किलोमीटर चाललो की."

६ एप्रिल, रविवार

बाईंच्या उजव्या पायाची करंगळी काल काढली.

मामा म्हणाले, चल. मला जायचं नव्हतं. गेलो. खिडकीजवळची खाट. पायावर पांढरं एवढं मोठं बांधलेलं. उशाशी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि लाल पेन, तिथेही तपासत होत्या.

मामा खाटेच्या पायाशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, चूक आमची. साइटला जागा घेताना स्वस्तातली बघ असं मीच म्हटलं होतं याला. चार पैसे वाचवायला गेलो. पोराचा काही दोष नाही त्यात."

यजमान खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "वाचले का मग पैसे?"

"अहो," बाई म्हणाल्या.

मग माझ्याकडे बघितलं त्यांनी. रागाने नाही. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "वेलांटी, मी ते बूट आरशासमोरसुद्धा तपासले नाहीत रे. पायाला कळत नाही म्हणून दरवेळी तपासते. म्हटलं, हा पोरगा नावात काना-मात्रा चुकत नाही, आकडा काय चुकणार."

मी म्हटलं, "हो बाई."

काय हो? एवढंच आलं तोंडातून.

मामांनी पाकीट उशीखाली ठेवलं. यजमानांनी काढून परत दिलं. मामांनी पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा राहिलं.

७ एप्रिल

मामांनी फळा लावलाय दाराशी. 'सर्व ग्राहकांनी पाय मोजून जावेत. पैसे नाहीत.' मजकूर मला विचारला नाही. 'मोजून' बरोबर लिहिलंय.

तपकिरी कागदाचा गठ्ठा आणला. मामा जमिनीवर बसतात, एकेकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवतात. उठताना मावशी आणि मी दोन्ही बाजूंनी धरतो. आज सोळा झाले. ६२४ राहिले.

मावशी हळूच म्हणाली, "मामा, मशीन घेऊ या का मोजायचं?" मामा म्हणाले, "मशीन नको. गुडघे आहेत अजून."

८ एप्रिल

बावीस. मामांचे गुडघे सुजलेत. मला मोजू द्या म्हटलं. "तू लिही. तू चांगलं लिहितोस."

९ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.१०

काल दुकान बंद करून बसने येताना मामा म्हणाले, "त्या बाईंना मी उगाच स्वस्तातलं म्हणालो. सात हजार दोनशेचं चांगलं घेऊनही बुडालो हे लोकांना सांगितलं तर तुझी अक्कल काढतील. माझी काढू देत. मला सवय आहे."

हिशेब:

मामांकडून मिळाले, मागच्या वर्षी १२ मार्चला, रोज प्रत ठेवणाऱ्या जागेसाठी – ७,२००
कंपनीला दिले – ८९९
उरले – ६,३०१. फोनमध्ये घातले.
साइटच्या कुलपाचे, मामांनी दिले – १,२००
प्रत परत आणायला, मामांनी दिले – ६,५००
बाईंच्या बुटांचे परत, मामांनी दिले – ३,४००
दवाखान्याच्या पाकिटात, मामांनी दिले – ११,०००

मामांना देणं – २८,४०१
बाईंना देणं – उजव्या पायाची करंगळी.